अट्रॅक्टा मॅकमरोचं नको

सव्वीस उन्हाळे अट्रॅक्टा मॅकमरो पहाटे साडेपाचला उठली. गजर लावावा लागत नव्हता, तो अंगातच भिनला होता. उठून पलंगाच्या कडेला बसायचं, दोन्ही गुडघे चोळायचे आणि "चला" म्हणायचं. नवरा, पॅकी, होता तेव्हा ते पॅकीला असायचं. तो गेल्यावर गुडघ्यांना.

मग राखेखालचा विस्तव उकरून वर टर्फची चार ढेकळं रचायची. टर्फ दलदलीतून कापून आणायचा आणि उन्हात वाळवायचा, आयर्लंडच्या या लेट्रिम परगण्यात ऊन पडलंच तर. पीठ, सोडा आणि ताक कालवून ब्रेडच्या दोन लाद्या भट्टीत सरकवायच्या. ओट्सची पेज चढवायची. सहा माणसांच्या बशा मांडायच्या. साडेसात झाले की जिन्यावर पावलं वाजायची, आणि कमरेला एप्रन बांधावा तसं ती तोंडावर हसू बांधायची. "झोप लागली ना बरी?" सव्वीस वर्षं हाच प्रश्न. उत्तर काय आलं ते शेवटची दहाएक वर्षं तिनं ऐकलंही नसेल.

पाहुणे तरी किती तऱ्हेचे यावेत! एकाला अंडं मऊ हवं, तर एकाला दगडासारखं. एका जर्मन बाईला डुकराचं काहीच चालत नव्हतं, आणि न्याहारीला डुकराशिवाय दुसरं होतं काय? खारवलेल्या पट्ट्या डुकराच्या, सॉसेज डुकराचं, काळं पुडिंग तर डुकराच्या रक्ताचंच. तिला अट्रॅक्टानं चार दिवस टोमॅटो तळून घातले. जाताना बाई हात धरून म्हणाली, असे चविष्ट टोमॅटो मी जन्मात खाल्ले नव्हते. ती मोटारीत बसून गेल्यावर अट्रॅक्टाच्या लक्षात आलं की आपण ते सवयीनं पट्ट्यांच्याच चरबीत तळले.

"आता पाप कुणाला?" तिनं शेजारणीला विचारलं.

"टोमॅटोला," जोसी म्हणाली.

जोसी मॅकटर्नन म्हणजे कुंपणापलीकडची. जीभ चिंचेच्या चवीची, पण मध्यरात्री हाक मारली तरी येणारी. तिच्याशी बोलताना मात्र अट्रॅक्टाला हसू बांधावं लागत नसे.

त्यांच्या कॅरोमीन गावात पहिल्या बोलावण्याला हो म्हणणारा माणूस हावरट ठरतो. चहा घेणार का? छे, आत्ताच झाला. अर्धा कप? नको हो, उगाच तुम्हाला त्रास. अहो, आधण ठेवलंच आहे! बरं मग, घोटभर, तुमचा शब्द मोडवत नाही म्हणून. आणि हा घोटभरवाला तीन कप पिऊन, वर केकचे दोन तुकडे हाणून उठायचा. दोनदा नको म्हणायचं असतं आणि तिसऱ्यांदा विचारायचं असतं. माणूस मेलेल्या घरीसुद्धा मढ्याच्या उशाशी हाच पाठ चालतो. पोरं चालायला शिकतात त्याच्या आधी हे शिकतात.

न शिकलेला एकच निघाला, तो नेमका अट्रॅक्टाचा मामा. तो तीस वर्षं मँचेस्टरला राहून आला होता. अट्रॅक्टा तेव्हा एकोणीस वर्षांची होती, घरात सर्वांत थोरली, हातापायांनी मजबूत. मामा म्हणाला, "पोरी, तिकडच्या दवाखान्यात नर्सचं शिकवतात, राहायला खोली देतात. जहाजाचं तिकीट मी काढतो. येतेस?" अट्रॅक्टाला जायचंच होतं. पण एकदम हो कसं म्हणणार? म्हणाली, "नको मामा, उगाच तुम्हाला खर्च." मामा म्हणाला, "खर्चाचं सोड, येतेस का बोल." "नको, आईला कोण?" ती तिसऱ्या विचारण्याची वाट बघत उभी राहिली. मामानं मान हलवली, पाइप झाडला आणि म्हणाला, "बरं, तुझी मर्जी." तिसऱ्या दिवशी तो एकटाच जहाजावर चढला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तिकडे राहून राहून तो इथलं मोजायला विसरला होता, एवढंच.

पॅकी मॅकमरो मात्र अस्सल इथला होता. पहिल्यांदा त्यानं डेअरीत दुधाच्या कॅनला टेकून विचारलं. ती नको म्हणाली. दुसऱ्यांदा कुणाच्या तरी मयताला विचारलं. तेव्हाही नको. तिसऱ्यांदा तिच्या बापाच्या फाटकाशी भर पावसात येऊन उभा राहिला.

"आणि तू हो म्हणालीस," जोसी म्हणायची.

"तो भिजत होता गं."

त्यातलं पहिलं नको रीतीचं होतं की खरं, हे तिचं तिलाही नंतर सांगता येईना. संसार काही वाईट झाला नाही. पॅकी गरीब स्वभावाचा, कमी बोलणारा. जमीन लव्हाळ्याची, पाण्याची. लेट्रिमची जमीन एकराच्या भावानं नाही, बादलीच्या भावानं विकतात असं लोक म्हणतात ते उगाच नाही. नोरीन नावाची एक मुलगी झाली, शिकली आणि बॉस्टनला गेली. कुणी विचारल्याबरोबर तिनं पहिल्या झटक्यात हो म्हटलं असणार. नवीन पिढी.

पाहुण्यांचं सुरू झालं तेही पावसामुळेच. दोन फ्रेंच पोरं सायकलवरून आली, भिजलेल्या पोत्यांसारखी. पॅकीनं त्यांना वरच्या खोलीत झोपवलं. सकाळी अट्रॅक्टानं जे घरात होतं ते खायला घातलं. ती पोरं कुठे जाऊन काय बोलली देव जाणे, पुढच्या वर्षी सहाजण आले. पॅकीनं हिरव्या फळीवर पांढऱ्या रंगानं 'मॅकमरो – मुक्काम आणि न्याहारी' असं लिहिलं आणि पाटी फाटकाला टांगली.

"दोनचार उन्हाळे करू," तो म्हणाला होता. अठरा केले आणि तो गेला. पुढचे आठ तिनं एकटीनं ओढले.

ज्या वर्षी पाउंडाच्या नोटा जाऊन युरो आले, त्या वर्षी, फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी, दरवर्षीच्या रीतीप्रमाणे दारावर लव्हाळ्याचा नवा क्रॉस टांगायला म्हणून ती स्टुलावर चढली आणि तिला खाली उतरता येईना. गुडघा अडकला. वेदना फारशी नव्हती. त्याला नुसतं पुढं काही करायचं नव्हतं. ती दाराच्या चौकटीला धरून पंधरा मिनिटं तशीच उभी राहिली. रस्त्यावरून कुणी गेलं नाही. त्या पंधरा मिनिटांत तिला कळलं की आपण दमलो आहोत. हे काही आजचं, कालचं, उन्हाळ्याचं दमणं नव्हतं. हाडांच्या आत पाणी शिरावं तसं ते शिरलं होतं, आणि झोपून उठलं की जाईल अशातलं नव्हतं.

उतरल्यावर तिनं दुसरं काही केलं नाही. फाटकापाशी गेली, पाटी काढली आणि शेडमध्ये फावड्याच्या मागे ठेवली. रविवारी नोरीनचा फोन आला तेव्हा म्हणाली, "बंद केलं गं."

"आई, हे तू तीन वर्षं म्हणतेयस."

"या खेपेला पाटी काढली."

नोरीन म्हणाली, "मे महिना आला की बोलू."

मार्चमध्ये फिन्टन गिलगन आला. गावात फिन्टनचं दुकान एकच, पण त्यात सगळं होतं. पुढच्या बाजूला खिळे आणि रंगाचे डबे, मागे बार, वरच्या मजल्यावर शवपेट्या. माणसाला जन्मल्यापासून शेवटपर्यंत लागेल ते फिन्टनकडे मिळे. गावसुधार समितीचा अध्यक्षही तोच. पुलाच्या कठड्यावर फुलांच्या कुंड्या कुणी लावल्या? फिन्टननं. चर्चच्या पडक्या भिंतीवरची वेल कुणी काढली? फिन्टननं, आणि त्याबरोबर अर्धी भिंतही. त्याच्या हातात डब्लिनचं वर्तमानपत्र होतं आणि चेहरा लॉटरी लागल्यासारखा.

"अट्रॅक्टा, वाचलंत का? 'लेट्रिममधली पाहण्याजोगी दहा गावं.' आपण सातवे!"

कुंपणापलीकडे जोसी कोंबड्यांना दाणे टाकत होती. ती म्हणाली, "सातवे? आणि लेट्रिममध्ये गावं किती आहेत, आठ?"

"जोसी, तुमच्यासारख्यांमुळे आपण सातवे आहोत, नाहीतर तिसरे असतो." फिन्टननं पान उघडून अट्रॅक्टापुढे धरलं. "वाचा. पूल, तळं, चर्चची पडकी भिंत, आणि हे बघा, 'मिसेस मॅकमरो यांच्या घरचा ताकातला ब्रेड. एक रात्र राहायला जाल आणि तीन राहाल.' तुमचं नाव आहे नाव!"

अट्रॅक्टाला आठवलं. ऑक्टोबरात एक मुकी मुकी बाई आली होती, सारखी वहीत काही लिहायची. बिचारीचा नवरा नुकताच गेला असावा असं वाटून अट्रॅक्टानं तिला रोज एक अंडं जास्त घातलं होतं.

"पूल काय, सगळ्या गावांना असतो," फिन्टन म्हणाला. "लोक येणार ते तुमच्याकडे. गावात राहायची सोय म्हणजे तुमचंच घर. तुम्ही असलात की ते माझ्या बारमध्ये येणार, पोस्टात कार्डं घेणार, शाळेत पोरं असलेली दोन कुटुंबं गाव सोडायचं म्हणतायत ती राहतीलही कदाचित. मग मेपासून ना?"

"फिन्टन, मी पाहुणे बंद केलेत."

"हो हो."

"खरंच बंद केलेत, बाळा. नको आता."

"कळलं ना मला!" फिन्टननं तिचा दंड थोपटला आणि शीळ घालत निघून गेला. दुपारपर्यंत गावभर झालं की अट्रॅक्टाला विचारलं, अट्रॅक्टा नको म्हणाली. सगळ्यांना बरं वाटलं. एक झालं.

दुसऱ्या आठवड्यात फिन्टनची बायको उना आली, झाकण ठेवलेल्या बशीत सफरचंदाचा टार्ट घेऊन. टार्ट पाहिला तेव्हाच अट्रॅक्टानं ओळखलं. उना टार्ट घेऊन कुणाकडे उगाच जात नाही.

"अगं उना, बस. चहा टाकते."

"नको नको, मी उभ्या उभ्या आलेय."

"थोडासा."

"छे, आत्ताच झाला."

"आधण ठेवलंय गं."

"बरं, घोटभर." उना बसली. दुसऱ्या कपाला तिनं विषय काढला. "फिन्टन म्हणत होता, तू नको म्हणालीस."

"म्हणाले. उना, मला जमणार नाही. हे मी तुला बाईमाणूस म्हणून सांगते. रात्री जिना चढताना मी मध्ये दोनदा थांबते. पलंगांच्या चादरी बदलताना कड धरून उभी राहते. मला नाही जमणार आता."

उनानं डोळे पाणावून तिचा हात हातात घेतला. अट्रॅक्टाला वाटलं, पोचलं एकदाचं.

"किती गं तू भिडस्त," उना म्हणाली. "सबंध गाव तुझ्यावर अवलंबून आहे, आणि तू मात्र कधी स्वतःचं महत्त्व म्हणून सांगणार नाहीस."

त्या शनिवारी अट्रॅक्टा मॅनरहॅमिल्टनला डॉक्टरांकडे गेली. बसनं परत येऊन बघते तर फाटकावर पाटी. शेडमधली तीच, घासून पुसून, नव्या हिरव्या रंगात, अक्षरांना सोनेरी कड काढलेली. रंग अजून ओला होता. खाली कोपऱ्यात एक फुलपाखरू काढलं होतं.

जोसी कुंपणाला टेकून उभीच होती. "फिन्टन येऊन गेला. म्हणाला, बिचारीनं रंगवायला म्हणून काढून ठेवली आणि गुडघ्यामुळे राहून गेलं, आपण करून देऊ."

"रंगवायला?"

"तूच सांग, कॅरोमीनमध्ये पाटी आणखी कशासाठी काढतात?"

अट्रॅक्टा फाटकाशी पिशवी खाली ठेवून उभी राहिली. "मी नको म्हणते ते यांना ऐकू जात नाही का गं?"

"जातं की. दोनदा गेलं. आता तिसऱ्यांदा विचारतील आणि तू घोटभर म्हणशील." जोसीनं फुलपाखराकडे बोट केलं. "पण ते तेवढं पुसून टाक. कुणी म्हणेल म्हातारीला वेड लागलं."

त्या रात्री अट्रॅक्टानं भाषण तयार केलं. आडवी पडून छताकडे बघत एकेक वाक्य लावलं. फिन्टन, तू माझ्यापुढे वाढलेला पोरगा. गावाचं भलं व्हावं असं मलाही वाटतं. पण मी एकोणसत्तर वर्षांची आहे आणि मला सकाळी आठपर्यंत पडून राहायचं आहे, काही न करता. हे वाक्य तिला बरं वाटलं. मग वाटलं, गाव ओस पडायला आलं असताना आठपर्यंत पडून राहायचं म्हणणं किती लाजिरवाणं. ते काढलं. ते काढल्यावर भाषणात काही उरेना.

ईस्टरच्या आदल्या, डहाळ्यांच्या रविवारी सगळे चर्चमधून बाहेर पडले, प्रत्येकाच्या हातात एक हिरवी डहाळी. वारा बोचरा होता. फाटकाशी फिन्टन उभा होता, शेजारी उना आणि समितीचे चारजण, आणि त्यांच्या मागे जायची घाई नसलेलं अख्खं गाव. तिसऱ्यांदा विचारायचं ते चारचौघांत विचारायचं, म्हणजे हो म्हणणाऱ्याचा मान राहतो. फिन्टनचं काही चुकत नव्हतं. तो सगळं रीतीनं करत होता.

"मग अट्रॅक्टा," तो मोठ्यानं म्हणाला, "मेपासून ना?"

चेहरे सगळे हसायला तयार होऊन थांबले. तिला भाषणातलं पहिलं वाक्य आठवलं, मग तेही गेलं. गुडघा ठणकत होता. रात्री झोप नव्हती. नको म्हणायला तोंड उघडावं तर तिसरं नकोही हे लोक हसत हसत गिळतील आणि चौथ्यांदा विचारतील, आणि चौथ्यांदा ती हो म्हणेल. तिला स्वतःची खात्री होती. इतकी वर्षं म्हणतच आली होती.

"बघू," ती म्हणाली.

ते तिनं मुद्दाम म्हटलं नव्हतं. दुसरं काही उचलायची ताकद नव्हती, तेव्हा हाताशी होतं ते उचललं.

फिन्टनचं हसू तिथंच विझलं. मागच्या माणसांनी पाय बदलले. कुणीतरी खोकलं. कॅरोमीनमध्ये कुणाची लंगडी मेंढी विकत घ्यायची नसेल तर बघू म्हणतात. मुलीला स्थळ पसंत नसेल तर मुलीचा बाप बघू म्हणतो. दोन भावांत बांधावरून बोलणं कायमचं तुटलं तेव्हा धाकटा थोरल्याला शेवटचा शब्द म्हणाला होता, तो हाच. नको म्हटलं की दार किलकिलं राहतं. बघू म्हटलं की कडी लागली.

फिन्टननं टोपी काढली. तो जवळ आला आणि बेतानं म्हणाला, "गुडघा का?"

"गुडघा. आणि गुडघ्याच्या वरचं सगळं."

"आधी नाही का सांगायचंत?"

"दोनदा सांगितलं की रे."

"ते नको म्हणालात हो," फिन्टन म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तक्रार होती, खरोखरची. "नको काय, माणूस म्हणतोच."

त्याच दुपारी तो शिडी घेऊन आला आणि स्वतःच्या हातानं पाटी काढून घेऊन गेला. अट्रॅक्टा खिडकीतून बघत होती. त्यानं वर पाहिलं नाही.

नंतर गावानं तिला काही बोलून दाखवलं असं नाही, पण दुकानात गेलं की बोलणी थांबत. पोस्टातली बाई तिकिटं देताना "आता काय, निवांत ना?" म्हणायची, आणि त्या निवांतला काटे असायचे. कुणी म्हणे वर्तमानपत्रात नाव आल्यापासून डोक्यात हवा गेलीय. कुणी म्हणे पॅकी असता तर असं झालं नसतं. हे मात्र खरं असावं. पॅकी असता तर तिनं आणखी दोनचार उन्हाळे केले असते.

पाहुण्यांचं काम उनाच्या गळ्यात पडलं. दुसरं घर नव्हतं. फिन्टननं पाटीवरचं मॅकमरो खरवडून गिलगन लिहिलं, फुलपाखरू राहू दिलं, आणि शवपेट्यांच्या शेजारच्या तीन खोल्यांत पलंग टाकले. उनानं जन्मात नवऱ्याशिवाय कुणाला न्याहारी घातली नव्हती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात ती धावत आली, केस विस्कटलेले, हाताला पीठ.

"अगं, ब्रेड फुगत नाही! विटेसारखा होतोय!"

"फार मळतेस. हात लावलाय न लावलाय असं कर आणि सरकव आत."

"आणि त्यातला एक माणूस विचारतो, शेजारच्या खोलीत काय आहे म्हणून."

"काय सांगितलंस?"

"कपाटं," उना म्हणाली, आणि दोघी हसल्या. हसताना उनानं तिच्याकडे निरखून पाहिलं. "सव्वीस वर्षं," ती म्हणाली. "मी दोन आठवड्यांत मेलेय, अट्रॅक्टा." त्या दिवसापासून दुकानातली बोलणी जरा कमी थांबू लागली.

दमणूक काही गेली नाही. पाटी काढली म्हणून जाणारी ती नव्हती. साडेपाचला डोळा उघडायचाच. अट्रॅक्टा पडून राहायची, आठ वाजायची वाट बघत. आणि आठ वाजता लक्षात यायचं की अडीच तास आपण काम केल्यासारखेच दमलो. सात दिवसांतून चार दिवस ती उठायची आणि पीठ काढायची, सहा माणसांचं. मग त्यातलं निम्मं परत डब्यात ओतायची.

जूनच्या शेवटी एका संध्याकाळी सातच्या सुमाराला दार वाजलं. पाऊस आडवा कोसळत होता, उजेड मात्र अजून भरपूर होता. दारात एक उंच जोडपं, पिवळ्या पावसाळी कोटांत, नाकावरून पाणी गळतंय. बाईच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं वर्तमानपत्राचं कात्रण.

"मिसेस मॅकमरो?" बाईनं विचारलं. बोलणं हॉलंडकडचं. "आम्ही हे वाचून आलो. ब्रेडचं. एक खोली मिळेल का?"

"गिलगनांकडे विचारलंत का? पुलाजवळ?"

"त्यांच्याकडे भरलंय."

अट्रॅक्टानं दाराची कडी धरली. "ते कात्रण जुनं झालं, बाई. मी आता पाहुणे ठेवत नाही."

आणि ती थांबली. वरच्या खोलीत पलंगावर चादर होती, ती कधी काढलीच नव्हती. मोरीत दोन टॉवेल वाळलेले होते. सॉसेज चार होते. माणसं तर दोनच. एवढ्या वेळात तिचं मन वर जाऊन खिडकी लावून, उशा झटकून खाली आलंसुद्धा. बाई आता म्हणेल, एकच रात्र हो. मग आपण म्हणू, नाही जमत. मग नवरा म्हणेल, कुठेही पडू, अगदी चुलीपाशी. मग...

"अच्छा," बाई म्हणाली. "मग दुसरीकडे कुठे मिळेल?"

"ड्रमशॅन्बोला," अट्रॅक्टाच्या तोंडून निघालं. "अकरा मैल. पुलावरून डावीकडे."

"आभारी आहोत. त्रास दिला, माफ करा." आणि दोघंजण वळून मोटारीकडे चालू लागले.

अट्रॅक्टा दारातच राहिली. दुसऱ्यांदा विचारलं नाही. एकदासुद्धा आग्रह नाही! तिला आधी रागच आला, कुणी मध्येच ताट काढून घ्यावं तसा. मग तिच्या लक्षात आलं. आणखी दोनदा विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती. एव्हाना तवा तापला असता. सकाळी ही दोघं, परवा आणखी दोघं, आणि ऑगस्टपर्यंत पाटी परत फाटकावर. गावाला बघू म्हणून काय उपयोग होता, स्वतःला कोण बघू म्हणणार होतं?

मोटार सुरू झाली तशी ती आत गेली, टेबलावरची नुकतीच भाजलेली लादी फडक्यात गुंडाळली आणि पावसात फाटकापर्यंत गेली. बाईनं काच खाली केली.

"हा घ्या. तोच ब्रेड आहे."

"थँक यू!" बाईनं लगेच दोन्ही हात पुढे केले. नको नाही, कशाला नाही, उगाच तुम्हाला त्रास नाही. लादी मांडीवर ठेवली आणि फडकं उघडून वास घेतला. "अजून गरम आहे," ती नवऱ्याला म्हणाली. मग अट्रॅक्टाकडे वळून, "तुम्ही आजारी आहात का?"

"नाही. दमलेय."

"हो, दिसतंच," बाई म्हणाली. "तर मग आत जा ना, भिजू नका."

मोटार पुलावरून डावीकडे गेली. अट्रॅक्टा ओल्या बुटांनी घरात आली, दार लावलं आणि कोरडे कपडे आणायला जिना चढू लागली. निम्म्यावर गुडघा थांबला. रोज ती अशा वेळी कठडा धरून, कुणी बघत नाही ना असं पाहून, उभ्यानंच दम घ्यायची. आज खाली बसली. वरच्या चार खोल्या रिकाम्या, खालचं स्वयंपाकघर रिकामं, बाहेर पाऊस. बुटांतलं पाणी पायरीवर ओघळत होतं. पुसायचं तिच्या मनात आलं, पण ती उठली नाही. भिंतीला डोकं टेकून तशीच बराच वेळ बसून राहिली.